न्यायमूर्ती शहाबुद्दीन अहमद

बांगलादेशचे माजी सरन्यायाधीश. 1990-91 मध्ये अंतरिम सरकारचे प्रमुख आणि पुढे 1996 ते 2001 राष्ट्रपती. जन्म 1 फेब्रुवारी 1930, नेत्रकोना जिल्ह्यातल्या पेमई गावचा. ढाका विद्यापीठात शिकले, 1954 ला सरकारी नोकरीत लागले, 1960 ला न्यायखात्यात आले, 1972 ला हायकोर्टाचे जज झाले आणि 1980 ला सुप्रीम कोर्टाच्या अपील विभागात गेले.

1989 चा आठव्या घटनादुरुस्तीचा खटला त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलाय. लष्करी बंड करून सत्तेत आलेल्या जनरल इर्शाद यांच्या सरकारने हायकोर्टाचे तुकडे करून ते ढाक्याबाहेर वेगवेगळ्या शहरांत बसवले होते, ते कोर्टाने बहुमताने रद्द केलं, आणि त्या बहुमतात शहाबुद्दीन होते. घटनेचा मूळ ढाचा संसदेलाही बदलता येत नाही हे तत्त्व त्यात मान्य झालं, म्हणजे आपल्याकडे केशवानंद भारती खटल्यात वकील नानी पालखीवालांनी ज्यासाठी जिवाचं रान केलं तेच. लष्करशहा खुर्चीवर असताना असा निकाल द्यायला खरंच धाडस लागतं.

जानेवारी 1990 मध्ये ते सरन्यायाधीश झाले. वर्षअखेरीला इर्शादविरोधी आंदोलन एकदम पेटलं, 27 नोव्हेंबरला डॉक्टरांच्या संघटनेचे नेते डॉ. शमसुल आलम मिलन गोळीबारात गेले आणि मग लोक मागे हटेनात. 4 डिसेंबरला इर्शादनी राजीनामा द्यायची तयारी जाहीर केली, पण खुर्ची सोपवायची कोणाकडे? शेख हसीनांची अवामी लीग आणि खालिदा झियांची बीएनपी (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी) यांचं एकमेकांशी अजिबात जमत नव्हतं, तरी विरोधकांच्या तिन्ही आघाड्यांचं एका नावावर एकमत झालं, ते शहाबुद्दीन यांचं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. काम संपलं की मला सरन्यायाधीशाच्या जागेवर परत जाऊ द्यायचं, ही अट त्यांनी आधीच घातली आणि ती सगळ्यांनी कबूल केली.

6 डिसेंबरला जे घडलं ते नीट बघण्यासारखं आहे. आधी उपराष्ट्रपती मौदूद अहमद यांनी राजीनामा दिला, त्या रिकाम्या जागी इर्शादनी शहाबुद्दीन यांना नेमलं, आणि मग स्वतः इर्शादनी आपला राजीनामा याच नव्या उपराष्ट्रपतींच्या हातात दिला, त्यामुळे ते आपोआप हंगामी राष्ट्रपती झाले. रस्त्यावरून सुरू झालेलं सत्तांतर अशा तऱ्हेने घटनेच्या कलमांना धरून पार पडलं. (भारतात 1969 साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला, ज्यांची वकिली नागपुरात घडली, काही आठवडे हंगामी राष्ट्रपती होते, पण तेव्हा सरकार इंदिरा गांधींचं होतं. इथे सगळा कारभारच अंगावर आला होता.)

त्यांनी विशेष अधिकार कायद्यातली वर्तमानपत्रांची गळचेपी करणारी कलमं काढली आणि 27 फेब्रुवारी 1991 ला निवडणूक घेतली. 300 पैकी बीएनपीला 140 जागा मिळाल्या, अवामी लीगला 88, आणि खालिदा झिया पंतप्रधान झाल्या. शेख हसीनांनी गडबडीचा आरोप केला, तरी त्या देशातल्या सगळ्यात स्वच्छ निवडणुकांत आजही हिचं नाव घेतात.

कोर्टात परत जाऊ देण्याचा त्यांना दिलेला शब्द पाळायला अकरावी घटनादुरुस्ती करावी लागली. ऑक्टोबर 1991 मध्ये ते खरोखर कोर्टात परतले आणि 1995 ला निवृत्त होईपर्यंत जज म्हणूनच राहिले.

1996 ला त्याच अवामी लीगने त्यांना राष्ट्रपती केलं. पण आता संसदीय पद्धत आली होती, सही सोडून हातात फारसं काही नव्हतं, आणि राष्ट्रपतीला मिलादला (पैगंबरांच्या स्मरणाच्या धार्मिक कार्यक्रमाला) जाणं आणि कबरींवर दुवा मागणं याशिवाय काम नाही, अशा अर्थाचं ते उघड बोलले.

1996 पासून निवृत्त सरन्यायाधीशाने निवडणुकीपुरतं काळजीवाहू सरकार चालवायचं हा तिथे कायदाच झाला. मग आपल्या सोयीचा माणूस त्या वेळी निवृत्त व्हावा म्हणून तेव्हाच्या बीएनपी सरकारने 2004 मध्ये जजांचं निवृत्तीचं वय 65 वरून 67 केलं असा आरोप झाला, 2006 ला त्यावरून मोठा राडा झाला, आणि 2011 ला ती पद्धतच मोडीत निघाली. शहाबुद्दीन तोवर सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले होते. 19 मार्च 2022 ला ढाक्यात त्यांचं निधन झालं.