खोकल्याने सुटणारी लघवी आणि घाईने सुटणारी लघवी

‘लघवी सुटते’ एवढेच सांगून बाई डॉक्टरांसमोर गप्प होते, तेव्हा निदानाला लागणारी मुख्य गोष्ट सांगायची राहून जाते: लघवी सुटण्याच्या आधीच्या क्षणी काय झाले? खोकला आला, की लघवीची अनावर कळ आली?

खोकताना, शिंकताना, खळखळून हसताना किंवा भरलेली कळशी उचलताना थोडीशी लघवी निसटत असेल आणि त्याआधी लघवीची भावनाच झाली नसेल, तर त्याला स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स म्हणतात. कागदावर हा शब्द वाचून अनेकींना तो मानसिक ताण वाटतो. प्रत्यक्षात तो पोटातून मूत्राशयावर येणारा दाब असतो. योनीमार्गे झालेली बाळंतपणे, वाढलेले वजन, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठता यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावले, की मूत्रमार्गाला हा दाब पेलवत नाही. रात्री झोपेत मात्र हा त्रास सहसा होत नाही.

दुसरा प्रकार घाईने सुटणाऱ्या लघवीचा, म्हणजे अर्ज इन्कॉन्टिनन्स (इंग्रजी ‘अर्ज’ म्हणजे अनावर कळ). त्यात दोष मूत्राशयाच्या स्नायूचा असतो, कारण मूत्राशय पुरेसे भरण्याआधीच तो आपणहून आकुंचन पावतो. बाजारातून परतलेली बाई दाराशी उभी राहून कुलपात किल्ली फिरवते, तोच अचानक अशी कळ येते की मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच साडी भिजते. नळाच्या धारेचा नुसता आवाजही कधी कधी पुरतो. येथे लघवी थेंबाथेंबाने नव्हे, बरेचदा भरपूर जाते. दिवसातून 8 पेक्षा अधिक वेळा जावे लागते आणि रात्रीही उठावे लागते. चहा-कॉफीने हे वाढते. पण म्हणून पाणीच कमी पिणे हा उपाय खरा नव्हे, कारण दाट लघवीने मूत्राशय आणखी चिडू शकते.

फसगत होते ती येथे: खोकल्यासरशी दोन थेंब पडणे वेगळे आणि खोकला थांबल्यावर काही क्षणांनी मोठी धार सुटणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात खोकल्याने मूत्राशयाचे आकुंचनच सुरू झालेले असू शकते. शिवाय अनेकींना, विशेषतः पाळी गेल्यानंतर, दोन्ही त्रास एकत्र असतात. अशा वेळी किमान 3 दिवस वहीत वेळ, प्यायलेले पाणी, झालेली लघवी आणि सुटण्याआधीची घटना लिहून ठेवावी. आठवणीपेक्षा ही वही अधिक विश्वासार्ह ठरते. जळजळ असेल तर आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना हे पाहतात. लघवीतून रक्त गेल्यास मात्र वहीसाठी थांबू नये.

हा भेद उपचाराला थेट भिडतो. पहिल्या प्रकारात ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, निदान 3 महिने करावे लागतात. दुसऱ्यात कळ थोपवून लघवीला जाण्यातले अंतर हळूहळू वाढवण्याचा सराव निदान 6 आठवडे करतात आणि लागल्यास मूत्राशय शांत करणारी औषधे देतात. मूत्रमार्गाखाली पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया पहिल्या प्रकारासाठी आहे. निव्वळ घाईच्या त्रासावर ती केली, तर मूळ दुखणे राहतेच आणि कधी कधी घाई वाढतेही.