अमेरिकेतला मायक्रोवेव्ह इथे स्वस्त पडतो?

"येताना तिकडूनच मायक्रोवेव्ह आण, स्वस्त पडतो. इथे एक ट्रान्सफॉर्मर लावला की झालं." अमेरिकेतून कायमचं परतणाऱ्यांना वर्षानुवर्षं मिळणारा हा सल्ला अर्धाच खरा आहे.

तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ (म्हणजे प्रवाहाची सेकंदाला ६० आवर्तनं). आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. साध्या, बिगर-इन्व्हर्टर (म्हणजे आत वीज बदलणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट नसलेल्या) मायक्रोवेव्हच्या पोटातला जड ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. ५० वर तो जास्त करंट ओढतो, गुरगुरतो, तापतो. मेन्सच्या हर्ट्झवर चालणारं घड्याळ तर तासाला १० मिनिटं मागे पडतं.

शिवाय १००० वॉटचा (हा आकडा अन्नाला मिळणाऱ्या ताकदीचा) मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात दीड हजाराच्या आसपास वॉट खेचतो. म्हणजे ओट्यावर दोन केव्हीएच्या (साधारण दोन हजार वॉट पेलणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरचं आणखी एक धूड आलं. ते हिशेबात कोणी धरतच नाही!

मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर मात्र खुशाल आणा. बहुतेकांवर बारीक अक्षरांत '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' छापलेलं असतं. कुठलीही वस्तू घेण्याआधी उलटी करून तेवढी एक ओळ वाचा.