सी मध्ये ‘==’ आणि ‘स्ट्रकम्प’: पत्ता ताडायचा की मजकूर?

पायथन शिकून सीकडे आलेली मुलं हमखास इथे अडकतात. युजरने गावाचं नाव टाइप केलं, प्रोग्रॅमने ते == वापरून "पुणे"शी ताडून पाहिलं, स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, आणि उत्तर येतं ‘जुळत नाही’. एरर मात्र कुठेच नाही.

याचं मूळ असं की सीमध्ये स्ट्रिंग हा वेगळा डेटा टाइप नाहीच. कॅरेक्टरांचा एक अ‍ॅरे असतो आणि मजकूर संपला हे सांगणारा शून्य किमतीचा एक बाइट. गाव == "पुणे" असं लिहिलं की दोन्हीकडच्या अ‍ॅरेंच्या जागी त्यांच्या पहिल्या बाइटचे पत्ते येतात आणि == फक्त ते पत्ते ताडतं. युजरने भरलेला अ‍ॅरे मेमरीत एकीकडे, प्रोग्रॅममधलं "पुणे" दुसरीकडे. मग उत्तर ‘नाही’ याशिवाय दुसरं येणारच नाही.

स्ट्रकम्प (strcmp) हे मजकूर ताडणारं फंक्शन त्या पत्त्यांवर जाऊन दोन्हीकडचा एकेक बाइट वाचतं. फरक सापडला किंवा दोन्ही मजकूर एकदम संपले की थांबतं. मजकूर सारखा असेल तर 0 देतं, पहिला क्रमाने आधीचा असेल तर ऋण संख्या, नंतरचा असेल तर धन. ती संख्या -1 किंवा 1च असेल असं मात्र धरू नका. सीचं स्टँडर्ड, म्हणजे भाषेची अधिकृत नियमावली, फक्त चिन्हाची हमी देतं.

हा 0 नवख्यांना फार छळतो. सीमध्ये 0 म्हणजे ‘खोटं’. त्यामुळे इफ (स्ट्रकम्प(गाव, "पुणे")) हे वाचताना ‘जुळलं तर’ वाटतं, पण चालतं नेमकं उलटं. पुढे == 0 लिहाच. स्ट्रकम्पच्या आधी उद्गारचिन्ह (सीमध्ये ‘नाही’) लावूनही काम होतं, पण शिकण्याच्या काळात ते टाळावं असं माझं ठाम मत आहे.

== कधी कधी बरोबर उत्तर देतं, आणि मला तेच जास्त धोक्याचं वाटतं. प्रोग्रॅममध्ये "पुणे" दोन ठिकाणी लिहिलं असेल तर कंपायलर मेमरीत त्याची एकच प्रत ठेवू शकतो. पत्ते जुळतात, टेस्ट पास होते, आणि युजरने स्वतः नाव टाइप केलं की सगळं कोसळतं. जीसीसी या कंपायलरमध्ये वॉर्निंग चालू ठेवा; स्ट्रिंग लिटरलशी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये अवतरणात लिहिलेल्या मजकुराशी, == केलेलं दिसलं तर तो सांगतो.

स्ट्रकम्प वापरूनही नाव जुळत नसेल तर प्रोग्रॅम युजरचं इनपुट कसं वाचतो तिकडे बघा. एफगेट्स (fgets) हे फंक्शन पूर्ण ओळ वाचतं आणि अ‍ॅरेत जागा असेल तर एंटरची न्यू लाइनही आत ठेवतं. यूटीएफ-8 या अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. प, उकार, ण, मात्रा मिळून "पुणे"चे 12 बाइट. ते सगळे जुळतात. तेराव्या जागी मात्र युजरच्या मजकुरात न्यू लाइन, म्हणजे 10, आणि तुमच्या "पुणे"त शेवटचा 0. स्ट्रकम्प धन संख्या देतं, आणि ते बरोबरच आहे. ताडण्याआधी ती न्यू लाइन काढून तिथे 0 ठेवा; तिची जागा शोधायला स्ट्रसीस्पॅन (strcspn) हे फंक्शन आहे.

इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ (scanf) फंक्शनच्या ‘पर्सेंट एस’ला (%s) हा त्रास नाही, पण ते पहिल्या स्पेसला थांबतं. "नवी मुंबई"तलं फक्त "नवी" हाती येतं. शिवाय रुंदी, म्हणजे जास्तीत जास्त किती बाइट वाचायचे ते, दिली नाही तर ते अ‍ॅरेबाहेरही लिहीत सुटतं. गेट्स (gets) हे जुनं फंक्शन तर वापरूच नका. 1988च्या मॉरिस वर्मने, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या एका प्रोग्रॅमने, फिंगर सर्व्हरमधल्या (युजरची माहिती देणाऱ्या सेवेतल्या) त्याच फंक्शनचा फायदा घेतला होता, आणि सी11 या आवृत्तीत ते स्टँडर्डमधून काढून टाकलं.

मराठी मजकुरासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. "कऱ्हाड"मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी येतो: एकसंध ऱ, किंवा साधा र आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब). डोळ्यांना फरक दिसत नाही, बाइट मात्र वेगळे, म्हणून स्ट्रकम्प त्यांना वेगळंच ठरवतं. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून आलेली नावं ताडायची असतील तर आधी आयसीयू (ICU) या युनिकोडसाठीच्या लायब्ररीसारख्या साधनाने दोन्ही एकाच रूपात आणा, मग स्ट्रकम्पकडे द्या.