खुब्याचा अस्थिभंग (वृद्धांमधील)

मांडीच्या हाडाचे वरचे टोक मोडणे. तरुणाचा खुबा मोडायला सहसा गाडीचा अपघात लागतो. सत्तरीच्या माणसाचा उभ्या जागी तोल गेला तरी मोडतो. पाळी गेल्यानंतर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणून या रुग्णांत बायका जास्त.

विदर्भातल्या खेड्यात पडण्याच्या जागा ओळखीच्या आहेत: उंच उंबरठा, नुकतीच सारवलेली ओसरी, न्हाणीतला शेवाळलेला दगड. सर्वांत घातक वाट रात्री बाजेवरून उठून मागच्या संडासापर्यंतची. वीज गेलेली, डोळ्यात मोतीबिंदू, त्यात रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने आलेली भोवळ. बाजेजवळ बॅटरी, न्हाणीत धरायला दांडा आणि मोतीबिंदूचे वेळेत ऑपरेशन, एवढ्यानेही पडणे बरेच टळते.

जांघेत कळ येते, उठता येत नाही, पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळते. मात्र मोडलेली टोके एकमेकांत रुतली असतील तर माणूस लंगडत चालतोही. घरचे ‘मुका मार’ समजून मालिश करतात आणि रुतलेले हाड सरकते. पडल्यानंतर जांघ दुखत असेल तर एक्स-रे काढावाच.

खरे नुकसान उशीर केल्याने होते. हाडवैद्याचा लेप, बांबूच्या पट्ट्या, ‘सोयाबीन निघू द्या, मग नेऊ’, ‘या वयात ऑपरेशन कशाले?’ यात आठवडे जातात. तोवर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गाठी होतात. माणूस दगावतो तो बहुधा यांनीच. वय जास्त आहे म्हणूनच ऑपरेशन लवकर, शक्यतो 48 तासांत, व्हायला हवे. हाडाच्या मानेशी, म्हणजे वरच्या टोकाच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागात, मोडून सरकले तर गोळ्याचा रक्तपुरवठा सहसा तुटतो, हाड बहुधा जुळत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा गोळाच बदलतात. मानेखाली मोडले तर हाडात रॉड टाकतात. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करता येते.

अशी शस्त्रक्रिया नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ येथील वैद्यकीय महाविद्यालयांत होते. मेळघाटातल्या धारणीहून किंवा गडचिरोलीतल्या भामरागडहून मोठे रुग्णालय शंभरावर किलोमीटर दूर. पाय न हलवता, दोन्ही पायांमध्ये उशी बांधून 108 च्या गाडीने न्यावे. मोफत उपचारांसाठी सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी दाखल होतानाच करावी.

एक खुबा मोडल्यावर दुसरा मोडण्याचा धोका वाढतो. तरी हाडे बळकट करणारे औषध सुरू न करताच अनेकांना घरी पाठवले जाते. सुट्टी होताना नातेवाइकांनी ते मागून घ्यावे.