द एजची बोटं विजेसारखी पळतात? खुलासा

यू-टू बँडचा गिटारिस्ट द एज अफाट वेगानं वाजवतो, ही समजूत जुनी आहे. 1976 मध्ये डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेतल्या पोरांनी हा बँड काढला, तेव्हा त्याचं वय होतं 15. वेग त्याच्या हातात नाही, डिले पेडलमध्ये आहे, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या उशिरानं पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रात.

आपल्या भाषेत सांगायचं तर हात दुगुन (ठोक्याला दोन सूर) वाजवतो आणि कानाला चौगुन (ठोक्याला चार) ऐकू येते. लय मिनिटाला 120 ठोके धरा. एक ठोका 500 मिलिसेकंदांचा, म्हणजे दुगुनीत दर 250 ला एक आघात. डिले, म्हणजे प्रतिध्वनीचा उशीर, ठेवायचा 375 वर. प्रत्येक सुराचा प्रतिध्वनी मग पुढच्या दोन आघातांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो. 250 किंवा 500 ठेवलात तर तो आघातावरच बसेल आणि फटी रिकाम्याच राहतील. इथेच बहुतेकांचं चुकतं. हिशेब सोपा: 45000 भागिले लय, की आला डिले मिलिसेकंदांत.

प्रतिध्वनीचा आवाज मूळ सुराच्या जवळपास बरोबरीचा हवा, आवर्तनं एक-दोनच. जास्त झाली की नुसता चिखल. तारा अर्धवट दाबून, तुटक वाजवायच्या.

खरी कसोटी ड्रमरची. पेडल लय सोडत नाही, माणूस सोडतो. म्हणून यू-टूच्या लॅरी मलेनसारख्या ड्रमरला कानात क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, घेऊन वाजवावं लागतं. डिसेंबर 2019 ला नेरूळच्या मैदानात ज्यांनी यू-टूला ऐकलं, त्यांनी निम्मे सूर यंत्राचे ऐकले. यात फसवणूक कसली? कुठला सूर वाजवायचा नाही, हे द एजलाच ठरवावं लागतं.