सही ते सही : मालगाडीच्या चालकाच्या तासांची पार्श्वभूमी

प्रवासी गाडी मनमाडला केव्हा येणार आणि भुसावळला केव्हा पोचणार, हे छापलेले असते. मालगाडीचे तसे नाही. रेक, म्हणजे तिच्या डब्यांची जोडलेली रांग, भरला, पुढचा रस्ता मोकळा मिळाला की ती निघते. मागून मेल-एक्स्प्रेस आली की लूपलाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, जाऊन उभी राहते, कधी अर्धा तास, कधी तीन तास. तिच्या चालकाला, म्हणजे आताच्या लोको पायलटला, भर झोपेत बोलावणे येते आणि साधारण दोन तासांत त्याने लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या कार्यालयात, जाऊन साइन ऑन करायचे, म्हणजे कामावर आल्याची सही करायची असते. पूर्वी हे बोलावणे घेऊन कॉल बॉय दाराशी यायचा, आता फोन वाजतो. साइन ऑफ, म्हणजे काम संपल्याची सही, केव्हा आणि कुठल्या गावी होईल, हे मात्र तेव्हाही ठाऊक नसे आणि आजही नसते. म्हणून या नोकरीचा सगळा इतिहास मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. कामाचे तास मोजायचे, पण कुठपासून?

हा प्रश्न जुना आहे. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत कामाच्या तासांचा पहिला करार झाला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे ना. म. जोशी गेले होते. बहुतेक देशांसाठी आठवड्याचे ४८ तास ठरले, भारतासाठी ६०. त्या कराराला धरून १९३०-३१ मध्ये रेल्वेने कामाच्या तासांचे नियम केले, पण गाडीवर चालणारा कर्मचारीवर्ग, म्हणजे रनिंग स्टाफ, त्यांतून वगळला. ज्याचा दिवस सर्वांत अनिश्चित, तोच नियमाबाहेर राहिला. त्याला आत आणले १९४७ च्या निवाड्याने. तो देणारे न्यायमूर्ती होते मुंबई उच्च न्यायालयाचे जी. एस. राजाध्यक्ष. सलग स्वरूपाच्या कामासाठी त्यांनी आठवड्याला सरासरी ५४ तासांची मर्यादा घातली आणि रनिंग स्टाफलाही तिच्या कक्षेत घेतले.

कागदावर तास आले तरी माणसाच्या खऱ्या विश्रांतीचा हिशेब बराच काळ इंजिनच ठरवत होते. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, कोळसा लागे, राख काढावी लागे. ठरावीक अंतरावर ते शेडमध्ये न्यावेच लागे आणि तिथे ड्रायव्हर व फायरमनही उतरत. काम मोडून काढणारे होते यात शंका नाही. उन्हाळ्यात भट्टीसमोर फावडे मारणे म्हणजे काय, हे त्या पिढीलाच ठाऊक. पण इंजिन थकत होते, म्हणून माणूसही थांबत होता. १९६०च्या दशकापासून डिझेल आणि विजेची इंजिने वाढली तसे हे बदलले. इंजिन आता शेकडो किलोमीटर थेट धावू शकत होते. गाडी थांबवण्याचे कारण म्हणून उरला फक्त माणूस. तासांचा वाद याच काळात पेटला, तो योगायोग मला वाटत नाही.

ऑगस्ट १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने देशभर काम थांबवले. त्यानंतर साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत दहा तास, ही मागणी सरकारने तत्त्वतः मान्य केली. चालकांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता, कारण तास सहीपासून सहीपर्यंत मोजायचे ठरले होते. यार्डात ब्रेकचा दाब तपासत गेलेला वेळ आणि सिग्नलची वाट पाहत गेलेला वेळही त्यात धरला जाणार होता. पण अंमलबजावणी रेंगाळली. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या रेल्वे संपात बोनसबरोबर आठ तासांच्या कामाची मागणीही होती. हजारो कामगार तुरुंगात गेले आणि २७ मे रोजी संप मागे घेतला गेला. बोनस १९७९ मध्ये मिळाला. तासांबाबत मात्र १९७८ च्या आदेशात दहा तास मोजायचे ठरले ते गाडी सुटल्यापासून. मालगाडी सुटण्याआधी यार्डात किती वेळ जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या एका शब्दाच्या बदलाची किंमत कळेल.

२०१६ मध्ये ही मर्यादा खाली आली : गाडी चालवण्याचे नऊ तास, सही ते सही अकरा.

दरम्यान इंजिने बदलत गेली. नागपूरच्या डेपोत आज १२,००० अश्वशक्तीची इंजिने सांभाळली जातात. असे एक इंजिन पाच हजार टनांहून अधिक ओझे ओढत नेते. केबिनमध्ये जागेपणाची परीक्षा घेणारे यंत्र असते. साठ सेकंद चालकाने काहीच हालचाल केली नाही, तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, मग आपोआप ब्रेक लागतात. झोपेवर यंत्राने पहारा बसवला, पण शौचालय मात्र बहुतेक इंजिनांत कित्येक दशके नव्हतेच. ते अलीकडे काही इंजिनांत बसू लागले. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाअखेरीस वाडीबंदर ते कल्याण मालगाडीवर पहिल्यांदा चढल्या, तेव्हा या गैरसोयीचा विचारही कुणी केला नव्हता.

आता वाद साप्ताहिक विश्रांतीवर आला आहे. नियमाने महिन्यात चार वेळा ३० तास किंवा पाच वेळा २२ तास सुट्टी मिळते. चालकांचे म्हणणे असे की, मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, परतल्यावरची नेहमीची १६ तासांची विश्रांती आणि आठवड्याची ३० तासांची सुट्टी वेगवेगळी धरा, म्हणजे एकूण ४६ तास. जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेच्या काही लोको पायलटांनी ही सुट्टी स्वतःहूनच घ्यायला सुरुवात केली.