पडणाऱ्या आजोबांना रक्त पातळ करण्याची गोळी द्यावी का?

७८ वर्षांचे एक आजोबा आहेत असं समजू. रक्तदाब आहे, मधुमेह आहे, हृदय थोडं कमजोर झालं आहे. त्यात आता ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन दिसलं. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि ठोके अनियमित पडतात. कार्डिऑलॉजिस्टनी रक्त पातळ करण्याची गोळी लिहून दिली. पण आजोबा अलीकडे बाथरूममध्ये दोनदा पडलेत, म्हणून फॅमिली डॉक्टरांना ती गोळी नको वाटते. पुन्हा पडले, डोक्याला मार लागला आणि मेंदूत रक्त साचलं तर? घरच्यांनी कोणाचं ऐकायचं?

दोघांचीही भीती खरी आहे. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी जोडलेली असते. तिथे रक्त साचून राहतं, गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. पण प्रत्येकाचा धोका सारखा नसतो. तो मोजण्यासाठी डॉक्टर वय, रक्तदाब, मधुमेह, कमजोर हृदय, आधीचा पक्षाघात अशा गोष्टींना गुण देतात. आपल्या आजोबांचे पाच गुण होतात. असे शंभर आजोबा औषधाविना राहिले, तर वर्षभरात साधारण सात जणांना पक्षाघात होईल. वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाने हा धोका जवळपास दोन-तृतीयांशाने घटतो.

आता पडण्याचं बघू. कॅनडातल्या संशोधकांनी १९९९ साली नेमका हाच हिशेब मांडला. पडल्यामुळे मेंदूभोवती रक्त साचण्याचा धोका एका बाजूला आणि टळणारे पक्षाघात दुसऱ्या बाजूला. उत्तर असं निघालं, की गोळीचा तोटा फायद्यापेक्षा जास्त व्हायला त्या माणसाला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावं लागेल. हे गणित काही गृहीतकांवर उभं आहे, त्यामुळे तो आकडा शब्दशः घेऊ नये. पण पारडं कुठे झुकतं ते त्यातून स्पष्ट दिसतं. पडणं थांबवायचे उपाय वेगळेच आहेत: बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्री दिवा, झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाचे डोस पुन्हा तपासणं. रक्तस्रावाचा धोका वाढवणाऱ्या काही गोष्टीही आपल्या हातात असतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी ही त्यातली मोठी, आणि डॉक्टरांना ती बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही.

मग डॉक्टरांचा हात का अडखळतो? कॅनडातल्याच ऑन्टॅरिओ प्रांतातला २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या डॉक्टरांच्या एखाद्या रुग्णाला वॉरफरिनवर असताना गंभीर रक्तस्राव झाला, ते पुढच्या रुग्णांना हे औषध कमी देऊ लागले. मात्र औषध न दिलेल्या रुग्णाला पक्षाघात झाला, तेव्हा त्याच डॉक्टरांच्या सवयीत तसा फरक पडला नाही. रक्तस्राव झाला की तो आपण लिहिलेल्या गोळीने झाला असं वाटतं; पक्षाघात झाला की तो आजाराने झाला. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच घातक. डॉक्टरच्या मनात मात्र स्वतःच्या हातून घडलेल्याचं वजन जास्त असतं. ही भित्र्या माणसाची खूण नव्हे. प्रामाणिक, रुग्णाचा विचार करणाऱ्या डॉक्टरलाच ती जास्त छळत असणार. म्हणूनच आकडे समोर ठेवून बोलावं लागतं.

पोटविकारतज्ज्ञांपुढे हाच पेच वेगळ्या रूपात येतो. हृदयरोगासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याला अल्सरमधून रक्तस्राव झाला. दुर्बिणीतून तो थांबवला. आता ॲस्पिरिन बंद ठेवायची ना? हाँगकाँगमध्ये १५६ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली आले. ॲस्पिरिन लगेच चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांना पुन्हा रक्तस्राव झाला, बंद ठेवलेल्यांत सुमारे ५ टक्के. इथवर वाचणाऱ्याला ‘बंद’ हेच उत्तर बरोबर वाटेल. पण आठ आठवड्यांतले मृत्यू मोजले, तर चालू ठेवलेल्यांत १.३ टक्के आणि बंद ठेवलेल्यांत १२.९ टक्के. अल्सरकडे बघणाऱ्याला रक्त दिसलं, हृदयाची रक्तवाहिनी तुंबण्याचा धोका मात्र त्याच्या दुर्बिणीत दिसणार नव्हता.

उलट, सर्जरीच्या वेळी भीती गुठळीची असायची. वॉरफरिन चार-पाच दिवस बंद करायची, मग मधल्या काळात हेपरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं द्यायची, हा अनेक वर्षांचा रिवाज. २०१५ साली १,८८४ रुग्णांच्या चाचणीत इंजेक्शनांमुळे गुठळ्या कमी झाल्या नाहीत, गंभीर रक्तस्राव मात्र १.३ वरून ३.२ टक्क्यांवर गेला.

भारतात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजून बरेच दिसतात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना वॉरफरिनसारखी वारंवार आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ झालंय ते बघणारी) लागत नाही, मेथी-पालकाचा हिशेब ठेवावा लागत नाही, म्हणून त्या सोयीच्या. पण २०२२ साली आलेल्या, २४ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक ऱ्हुमॅटिक रुग्णांच्या चाचणीत वॉरफरिनसारखी जुनीच औषधं सरस ठरली. त्यांच्यावरचे मृत्यू कमी होते. शेजाऱ्याला नवी गोळी दिली म्हणून आपल्यालाही द्या, हा आग्रह इथे धोक्याचा आहे.

आणि रुग्णाला स्वतःला काय हवंय? २००१ साली हा प्रश्न डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही विचारला गेला. पक्षाघात टळणार असेल तर रुग्ण डॉक्टरांपेक्षा जास्त रक्तस्राव पत्करायला तयार होते. अंथरुणाला खिळून, बोलता न येता जगण्याची धास्ती त्यांना अधिक होती.

सर्वांत अवघड रुग्ण तो, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन आहे आणि मेंदूत एकदा रक्तस्रावही होऊन गेला आहे. युरोपातल्या ३१९ अशा रुग्णांची चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. नव्या गोळ्यांनी गुठळीचा पक्षाघात वर्षाला शंभरात ८.६ वरून ०.८३ वर आणला, पण मेंदूतला रक्तस्राव ०.८२ वरून ५ वर नेला. इथे कोणतंच पारडं स्पष्ट खाली जात नाही. मग न्यूरॉलॉजिस्ट बघतात की आधीचा रक्तस्राव कुठे झाला होता. मेंदूच्या पृष्ठभागाजवळ झाला असेल आणि त्यामागे रक्तवाहिन्यांत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन असेल, तर तो पुन्हा होण्याची शक्यता खोलवरच्या रक्तस्रावापेक्षा जास्त असते. काहींच्या बाबतीत हृदयातली ती पिशवीच छोट्या उपकरणाने बंद करण्याचा मार्ग उरतो, पण त्यानंतरही काही काळ रक्त पातळ ठेवणारं औषध बहुधा द्यावं लागतं. म्हणून अशा रुग्णाला घेऊन जाताना जुन्या सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी बरोबर न्याव्यात. नुसत्या छापील रिपोर्टवर काम भागत नाही, कारण जुने सूक्ष्म रक्तस्राव काही खास एमआरआय चित्रांतच दिसतात आणि ते किती आहेत, कुठे आहेत, हे न्यूरॉलॉजिस्टना स्वतः पाहावं लागतं.